कंपनी गेली, पोरगा आला

कंपनी येते तेव्हा मंत्रालयात तिला ओवाळायचं तेवढं बाकी राहतं. जमीन घ्या, मुद्रांक शुल्क राहू द्या, विजेचं बघून घेऊ, भरलेल्या करातलं काही परत करू. ती जाते तेव्हा मात्र कुणी दिसत नाही. गादी, कुकर आणि टेबलफॅन ट्रॅव्हल्सच्या डिकीत कोंबून पोरगं तळेगाव-चाकणहून निघतं आणि पहाटे मेहकरला उतरून आपल्या गावी, जानेफळात येतं. तिथं त्याचं पुनर्वसन आई नावाच्या खात्याकडून ताबडतोब मंजूर होतं. अर्ज नाही, जोडपत्र नाही. चौकशी एकच: "काहून आला रे?"

शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना याच गावावरून जाते. परत येणाऱ्यांना जेवू घालायची सवय गावाला जुनी आहे. सरकारनं बहुधा हे हेरून ठेवलं असावं.

तळेगावचंच घ्या. जनरल मोटर्सचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला. 2017 अखेर कंपनीनं भारतात गाड्या विकणं थांबवलं आणि तळेगावात बनवून मेक्सिकोसारख्या देशांत पाठवणं चालू ठेवलं. म्हणजे गाडी आपली, रस्ता मेक्सिकोचा. डिसेंबर 2020 मध्ये तेही संपलं. कारखाना बंद करायला राज्य सरकारनं परवानगी नाकारली. परवानगी नाकारलेली राहिली आणि कारखाना बंद राहिला. पुढच्या एप्रिलात 1,419 कामगारांच्या हाती ले-ऑफच्या नोटिसा पडल्या.

मधल्या काळात एक चिनी नाट्यही झालं. हा कारखाना ग्रेट वॉल मोटर्स घेणार होती. 15 जून 2020 रोजी राज्य सरकारनं तिच्याशी 3,770 कोटींचा सामंजस्य करार केला, आणि त्याच रात्री गलवानमध्ये सामंजस्य संपलं. आठवडाभरात करार थंड बस्त्यात. दोन वर्षं वाट पाहून 2022 मध्ये सौदाच मोडला. 2023 मध्ये ह्युंदाईनं कारखाना घेतला आणि 2025 मध्ये तिथून पुन्हा गाड्या निघू लागल्या. तीन देशांच्या तीन कंपन्यांचे करार तपशीलवार झाले. जुन्या कामगारांना कामावर घ्या ही मागणी मात्र फलकांवर आणि उपोषणाच्या मंडपात राहिली. इमारत विकली जाते, यंत्रं विकली जातात. कामगार "मालमत्ते"त मोडत नाही, ही त्याची कायदेशीर अडचण.

आता मदत काय, ते मोजू. कपातीची भरपाई 1947 च्या कायद्यानं ठरवली: नोकरीच्या दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. हिशेब तोच राहिला, वर "पुनर्कौशल्य निधी" आला. मालकानं आणखी पंधरा दिवसांचा पगार द्यायचा, आणि त्यातून कामगारानं नवं कौशल्य शिकायचं. वीस हजार पगार असेल तर दहा हजार रुपये. एवढ्यात दुसरं काय शिकणार? काटकसर.

कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे इएसआयची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. काम गेल्यावर सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम, तीही आयुष्यभरात मिळून नव्वद दिवस. 2018 मध्ये पथदर्शी म्हणून सुरू झाली ती मुदतवाढीवर मुदतवाढ घेत चाललीय. काम गेलेल्यांसाठीची योजना स्वतःच कंत्राटी असावी, यात औचित्य आहे. पण इएसआयला पगाराची मर्यादा 21,000 रुपये. मोटारीच्या कारखान्यातला कायम कामगार बहुधा तिच्यावर, म्हणून बाहेर. आणि कंत्राटदाराचा पोरगा सहा-सात महिन्यांनी "ब्रेक" घेणारा. योजनेला लागणारी दोन वर्षांची विमापात्र नोकरी त्याच्या नोंदीत दिसेल तर शपथ. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना याहून बरी आहे, दोन वर्षं भत्ता देते. तिला रीतसर कपात किंवा रीतसर टाळं लागतं. आपल्याकडं रीतसर काढून टाकलं जाण्यासाठीही नशीब लागतं.

गंमत अशी की पूर्वी आपण जास्त उदार होतो. बंद पडलेल्या खासगी कापडगिरण्यांच्या कामगारांसाठी 1986 मध्ये केंद्रानं पुनर्वसन निधी काढला. पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. मिळायला किती चपला झिजल्या ते गिरणगावाला विचारा, पण कागदावर तीन वर्षं होती. 2017 मध्ये तो निधीही राजीव गांधी योजनेत विलीन झाला.

आणि अमेरिका? परदेशी मालामुळं ज्याचं काम गेलं, त्याला भत्ता आणि प्रशिक्षण देण्याची योजना केनेडींच्या काळात, 1962 मध्ये तिथं सुरू झाली; पुढं कारखाना परदेशी गेल्यामुळं काम गेलेलेही तिच्यात आले. तिथलं काम आपल्याकडं आलं की तिथल्या कामगाराला सरकार विचारायचं. जुलै 2022 पासून तिथंही नव्या अर्जांना मंजुरी बंद झाली. या बाबतीत अमेरिका आपल्या बरोबरीला आली म्हणायची.

खरा विनोद पगाराच्या पावतीवर छापलेला असतो: व्यवसाय कर, वर्षाला 2,500 रुपये. हा कर महाराष्ट्रात 1975 मध्ये रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला आला. म्हणजे जानेफळचा पोरगा तळेगावात असताना जानेफळच्या रोजगार हमीला हातभार लावत होता. खड्डा खणायला पैसे त्यानं दिले, आता खणायलाही त्यानंच यायचं. विम्याचा हप्ता इतका नेमका वसूल झाल्याचं दुसरं उदाहरण नाही.

पण तो फावडं घेत नाही, वावरात जातो. सोयाबीन आणि कापूस. "कंपनीनं धोका देला, माय वावर देत न्हाई," असं बाप म्हणतो, आणि पोरगा मान हलवतो. त्याच्या परतीच्या हंगामात, 19 ऑगस्ट 2025 रोजी, केंद्र सरकारनं परदेशी कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काढून टाकलं. अमेरिकेच्या 50 टक्के करानं आपले कापडवाले अडचणीत, त्यांना स्वस्त कापूस हवा होता. कापडवाल्यांना मदत एका अधिसूचनेत मिळाली. आधी सवलत 30 सप्टेंबरपर्यंत होती, मग 31 डिसेंबरपर्यंत वाढली. शेतकऱ्यासाठी त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल जाहीर होता.

सवलत संपली तोवर ज्यांना उधारी फेडायची होती, त्यांनी आपला कापूस विकून टाकला होता.