उंबऱ्याच्या आतले दीड हात

प्रस्तुत प्रबंधाचे क्षेत्र लहान आहे. बेळगाव-निपाणी भागातले कोणतेही जुने कौलारू घर, त्याचे पुढचे दार आणि त्या दाराच्या उंबऱ्यापासून आत दीड हात जमीन. या जमिनीवर दोन राज्यांचा दावा आहेच; आम्ही तिसरा ठोकत आहोत. आमचे म्हणणे एवढेच की, माणसाचा चेहरा फोटोत माणसासारखा यावा अशी इच्छा असेल, तर त्याला या दीड हातात तोंड बाहेर करून बसवावे आणि फोटोवाल्याने अंगणात उभे राहावे.

यावर पूर्वपक्ष असा की, फोटोला उजेड लागतो. अंगणात उजेड जास्त. म्हणून फोटो अंगणात चांगला येतो. हा पक्ष लोकप्रिय आहे आणि आमच्या लग्नाच्या अल्बमात त्याचे सविस्तर खंडन उपलब्ध आहे. मुहूर्त मे महिन्यातला, दुपारचा. फोटोवाल्याने (नाव सांगत नाही, तो बिचारा जेवायचाही थांबला होता) दोन्हीकडच्या मंडळींना मांडवाबाहेर काढून उन्हात ओळीने उभे केले. परिणामी सर्वांची कपाळे आणि नाके लखलखीत, डोळ्यांच्या जागी दोन-दोन विहिरी, आणि नाकाची सावली वरच्या ओठावर पडल्यामुळे सासूबाईंना मिशी. ज्यांनी मांडव सोडायला नकार दिला त्यांना पिवळ्या कापडाखाली कावीळ झाली. अल्बम घरात आहे. पाहुण्यांना दाखवत नाही.

दोष फोटोवाल्याचा नव्हता, अक्षांशाचा होता. बेळगाव उत्तर अक्षांश १५.८५ च्या आसपास. सूर्य उत्तरेकडे सरकत मेच्या चार तारखेच्या सुमारास बेळगावच्या बरोबर डोक्यावर येतो आणि निपाणीच्या डोक्यावर त्यानंतर दोनेक दिवसांनी. बसला हा प्रवास दीड-दोन तासांचा. सूर्य दोन दिवस घेतो. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या सीमाप्रश्नाच्या मानाने हा वेग उत्तमच म्हणायचा. आणखी एक बारकावा: आपले घड्याळ ८२.५ रेखांशावर चालते आणि बेळगाव पडते ७४.५ वर. म्हणून इथे खरे माध्यान्ह बारा वाजता होत नाही, साडेबाराच्या आसपास होते. पत्रिकेत मुहूर्त '१२ वाजून ३५ मिनिटे' असला, तर समजावे की वधूवरांच्या डोळ्यांत काळोख भरण्याची वेळ भटजींनी पंचांग पाहून काढली आहे.

येथे विलायती पुस्तकांचाही समाचार घेणे प्राप्त आहे. ती सांगतात, उत्तरेची खिडकी धरा, तिच्यातून ऊन कधीच येत नाही. लंडनात नसेल येत. बेळगावात मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्यच उत्तरेच्या बाजूला असतो. म्हणजे नियम तीन महिने मोडला. परंतु जूनमध्ये पाऊस येतो, आभाळ भरते आणि मोडलेला नियम आपोआप पुन्हा लागू होतो. अपवाद उरतो तो मे महिन्याचा, आणि मेमध्ये आपण लग्ने काढतो.

आता उजेडाचे वर्गीकरण. आमच्या भागात फोटोच्या कामाचे उजेड तीन: कुंद, कुंदा आणि जर्दा.

कुंद म्हणजे पावसाळी. सूर्य आभाळात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, म्हणून त्याची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. ढग आले की सगळे आभाळच दिवा होते. एवढ्या मोठ्या दिव्याला सावलीची धार काढताच येत नाही. सुरकुत्या दिसतात, पण रागावलेल्या दिसत नाहीत. शहरातले स्टुडिओवाले हाच परिणाम साधायला पांढऱ्या छत्र्या विकत घेतात. बेळगावकर चार महिने काळ्या छत्रीखाली उभे राहून तो फुकट घालवतो.

कुंदा म्हणजे सूर्यास्ताआधीचा तास-दीड तास. याच नावाच्या मिठाईसाठी खवा परतत परतत ज्या रंगावर आला की आचारी कढई उतरवतो, त्या रंगाचा हा उजेड. खाली उतरलेल्या सूर्याचे किरण हवेच्या जाड थरातून येतात, वाटेत निळा रंग विखुरतो आणि तांबूस तेवढा पोचतो. या उजेडात कुणीही सुखवस्तू दिसतो. म्हणूनच तो पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये.

जर्दा खास निपाणीचा. तंबाखूच्या वखारीत वरच्या झरोक्यातून तिरीप येते आणि उडणाऱ्या भुकटीमुळे ती काठीसारखी हातात धरता येईल अशी दिसते. चित्र अप्रतिम येते. अडचण एकच: माणूस शिंकतो, आणि सेकंदाचा साठावा भाग शिंकेला पुरत नाही.

दीड हातच का, हे आता सांगतो. हात म्हणजे अठरा इंच. दीड हात सत्तावीस. एवढ्या अंतरावरून तीन फुटी दार चेहऱ्याला अर्ध्या आभाळाएवढे वाटते आणि उजेड गालाला वळसा घालून जातो. माणूस दहा फूट आत सरकला की तेच दार लहान होते आणि सावल्या पुन्हा टोकदार होतात. दीड हातात आणखी एक फायदा आहे. पाठीमागे सोपा अंधारा असतो. कॅमेरा चेहऱ्याच्या उजेडाला बेतला की मागची कणगी, कॅलेंडर, वाळत घातलेले टॉवेल असे सारे काळ्यात बुडते. हंस आणि कारंजे रंगवलेल्या पडद्याची गरज राहत नाही. दार पूर्वेचे असेल तर सकाळी ऊन थेट आत येते, तेव्हा परसदार गाठावे. पुढचे दार दुपारनंतरचे.

खालून उजेड परतवण्याचा प्रश्न उरतो. अंगणातली लाल माती हनुवटीखाली तांबडा रंग फेकते आणि माणूस शरमल्यासारखा दिसतो. आजोबांचे धुतलेले धोतर पायाशी पसरावे. ते नसेल तर वर्तमानपत्र. १९१९ पासून बेळगावात निघणारा 'तरुण भारत' आम्ही स्वतः मांडीवर उघडून पाहिला आहे. उजेड किंचित करडा येतो, आणि बसलेला माणूस फोटो विसरून वाचू लागतो, हे वेगळेच.

ऐतिहासिक प्रमाणाशिवाय प्रबंध पुरा होत नाही. १८९२ च्या ऑक्टोबरात, शिकागोच्या आधीच्या वर्षी, स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावात आले. आधी वकील भाटे यांच्याकडे उतरले, मग वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे. त्या मुक्कामातला त्यांचा फोटो आजही छापला जातो. तो काढला बेळगावच्याच एस. महादेव अँड सन यांनी. तेव्हा गावात विजेचा दिवा नव्हता. मॅग्नेशियमची पूड भडकवण्याची युक्ती जगात निघाली होती, पण समोर संन्यासी बसला असता ती कुणी वापरली असेल असे आम्हाला वाटत नाही. म्हणजे त्या चेहऱ्यावरचा उजेड बेळगावच्या आभाळाचा. ते नेमके दाराच्या आत दीड हातावर होते असा आमचा दावा नाही. असता तर बरे झाले असते.

चित्रकारांचे प्रमाणही घेऊ. पुढे याच गावात के. बी. कुलकर्णी व्यक्तिचित्रे करत आणि शिकवत. रवी परांजपे त्यांच्या हाताखाली तयार झाले. तिकडे हॉलंडात सतराव्या शतकात रेम्ब्रांटने एका बाजूने उजेड घेतला आणि अंधाऱ्या गालावर त्याचा छोटा त्रिकोण ठेवला. तो त्रिकोण अजून त्याच्या नावाने ओळखतात. आमच्या भाषेत मांडायचे तर नाक ही सीमारेषा. एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला अंधार, आणि अंधाराच्या मुलखात उजेडाचे एक गाव अडकलेले. मौज अशी की चेहऱ्याची गोलाई उजेडात कळत नाही, अंधारातही नाही. ती कळते मधल्या पट्ट्यात, जो धड इकडचा नाही की तिकडचा. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने गावे वाटली. गाल वाटायला दिले असते, तर हा पट्टा कुणाच्या पदरात टाकला असता हे सांगणे कठीण.

शेवटचा आक्षेप धर्मशास्त्राचा. उंबऱ्यावर बसू नये, तिथे नरसिंहाने हिरण्यकशिपूला फाडले. आमचे उत्तर असे की, आम्ही उंबऱ्यावर बसवतच नाही, आत बसवतो. शिवाय ती कथा आमच्याच बाजूची आहे. ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री: म्हणजे दाराचा उजेड, तोही कुंद्याचा. नरसिंहाने जागा आणि वेळ दोन्ही अचूक निवडले होते. कॅमेरा तेवढा नव्हता.

प्रयोग म्हणून गेल्या श्रावणात शेजारच्या आक्कांना दुपारी तीनला दारात पाट टाकून बसवले. आभाळ कुंद, धोतर पसरलेले. आमचे फोटोवाले मित्र दोन्ही भाषांत काम करतात. ते आधी म्हणाले, "आक्का, मान जरा वर काढा की." मग सवयीने कन्नडात म्हणाले, "स्वल्प नग्री," म्हणजे जरा हसा. आक्कांना कन्नड उत्तम येते, पण त्यांनी मुद्दाम विचारले, "कुठली नगरी?" पुढे म्हणाल्या, "आणि हा फोटो हार घालायला काढालास काय रे?" एवढे बोलून त्या स्वतःच हसल्या आणि दोन्ही डोळ्यांत दाराचा एकेक चौकोनी ठिपका उमटला. हा ठिपका नसला की जिवंत माणसाचा फोटोही भिंतीवरचा वाटतो. मित्रांनी घाईने कॅमेरा डोळ्याला लावला, तोच आतून दूध उतू गेल्याचा वास आला.

फोटोत पाट आला आहे. पाटावरचा उजेड निर्दोष आहे.