लाइन गेली, लोणी आलं

आमच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली स्टीलचा एक डबा असतो. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूला इतका बंदोबस्त नाही. कपाटाची किल्ली आई खुशाल सुनेच्या हाती देते, पण त्या डब्याचं झाकण स्वतःच उघडते. रोज रात्री गंजातल्या दुधावरची साय चमच्यानं अलगद उचलायची, डब्यात सोडायची आणि झाकण दाबून बसवायचं. चुकून चहात साय आली तर आम्ही ती सणासारखी साजरी करतो. म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. आमच्या कपापर्यंत त्यातला किती पोचतो, हे आईला विचारायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

आमचं सेलू वर्धा जिल्ह्यातलं, परभणीचं नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोण्याचा सगळा प्रश्न शेवटी उन्हाचा आहे आणि उन्हाच्या बाबतीत आम्ही वर्धेवाले कुणाचं ऐकून घेत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की नळाचं पाणीसुद्धा चहा टाकण्याच्या बेताचं येतं. नेमका त्याच दिवसांत डबा भरतो. हिवाळ्यात का भरत नाही? भरतो, पण तेव्हा लोणी मुकाट्यानं येतं, त्यावर लेख होत नाही.

पुस्तकात हे प्रकरण फार सोपं आहे. सायीत स्निग्धाचे कण असतात, प्रत्येकाभोवती पातळ आवरण असतं. घुसळलं की आवरणं फाटतात, कण एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. अट एवढीच, की कण अर्धे घट्ट, अर्धे पातळ हवेत. फार थंड असले तर चिकटत नाहीत, फार गरम झाले तर नुसतं तेलकट होऊन तरंगत बसतात. म्हणून साय १० ते १५ अंशांच्या दरम्यान ठेवावी. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात १० ते १५ अंश फक्त आईच्या आवाजात सापडतात.

आदल्या रात्री सायीला विरजण लागलं होतं. सकाळी बायकोनं ती मिक्सरच्या भांड्यात घातली आणि बटन फिरवलं. आधी फेस आला. मग आणखी फेस आला. भांड्याला हात लावला तर ते कोमट! पाती इतक्या वेगानं फिरतात की थंड घातलेली साय स्वतःच तापते. तेवढ्यात लाइन गेली. कूलर घरघरत थांबला आणि त्या शांततेत मागच्या दारातून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "काय घुसळून राहिले जी?"

लोणी येत नाही ही बातमी सेलूत लाइनपेक्षा जोरात पळते. काकूंच्या मते नजर लागली होती. त्यांच्या मागून आलेल्या जाऊबाईंच्या मते दूधवालाच तसा होता. समोरच्या गुरुजींनी खिडकीतूनच साय उरकून टाका, म्हणजे खाऊन टाका, असा सल्ला दिला. तो मला एकट्याला पटला.

आईनं कुणाशी वाद घातला नाही. माळ्यावरची रवी काढायला लावली, सगळा ऐवज उंच गंजात ओतला, तो गंज बर्फाच्या पाण्याच्या परातीत बसवला आणि वरून बर्फाचे चार खडे आत टाकले. "आता कोणी बोलू नका," म्हणाली. दोरीची रवी आता कुठे राहिली, ही हातांत फिरवायची. सुरुवातीला घळघळ आवाज होता, मग तो जड, दबका झाला, रवी फिरेना. आणि एकदम पाणी फुटल्यासारखा खळखळला. डोकावून पाहिलं तर खसखशीएवढे पांढरे दाणे, बघता बघता ज्वारीएवढे, आणि गंजाच्या कडा स्वच्छ. पांढरेशुभ्र, कारण म्हैस चाऱ्यातला पिवळा रंग दुधात येऊ देत नाही, गाय येऊ देते.

गायीवरून आठवलं. वर्ध्यात १९४१ साली गोसेवा संघ निघाला, जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने त्यालाच दिले. संघाच्या सभासदानं गायीचंच दूध-तूप वापरायचं, असा नेम होता. त्या हिशेबानं आमचं घर सपशेल नापास. वर्ध्याला गेलं की आम्ही गायीच्या तुपातला गोरसपाक आणतो आणि तेवढ्यापुरते पास होतो. खुद्द गांधीजी मात्र बकरीचं दूध घेत. त्या दुधातले कण इतके बारीक की साय नीट वर येतच नाही. आमच्याकडे बकरी असती तर डबा नसता आणि घरातली निम्मी भांडणंही नसती.

लोणी दोन पाण्यांनी धुऊन झालं तोवर ताकाची बातमीही पसरली होती. ताकाला जाऊन भांडं लपवायची पद्धत आमच्या गल्लीत नाही. काकू गडवा हातात घेऊनच आल्या होत्या. नजरेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मग लोणी कढायला गेलं, त्यात विड्याचं पान पडलं आणि वास अंगणात पोचला. कॉमर्सला असलेला आमचा मुलगा कागद घेऊन बसला होता. दूध, गॅस, बर्फ, मिक्सरची वीज, असं सगळं मांडून तो म्हणाला, "आजी, हे तूप बाजारापेक्षा महाग पडून राहिलं."

आई तूप गाळत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "माझी मजुरी किती धरली रे बाबू?"

त्यानं आकडा सांगितला.

"कमी धरली," ती म्हणाली, आणि कढईच्या बुडाची त्याच्या वाट्याची बेरी साखर घालून स्वतःच खाल्ली.