मावशीचं खातं

हल्ली आमच्या घराण्यात नोकरी करणारे कमी आणि कंटेंट करणारे जास्त झाले आहेत. मामा निवृत्त झाल्यापासून गडकिल्ल्यांचे व्हिडिओ करतात. गुडघ्यांमुळे पायथ्याशीच उभे राहून वर बोट दाखवतात, तरी त्यांचा रायगड लोकांना आवडतो. मेहुणा शेअर बाजाराचे सल्ले देतो. बायकोने डिमॅट खात्याचा पासवर्ड बदलल्यापासून त्याला तेवढीच वाट उरली आहे. भाचा उभ्या मोटारसायकलवर बसून आयुष्याविषयी बोलतो. पण खरी लोकप्रियता चिपळूणच्या धाकट्या मावशीची. तिच्या वाटणाच्या आवाजावर दुबईतली माणसं रडतात म्हणे.

हे सगळे एकाच अ‍ॅपवर. कारण भाच्याने सर्वांना तिथेच खाती उघडून दिली आणि दुसऱ्या कशाचा पासवर्ड लक्षात ठेवायला कोणी तयार नव्हतं.

एका सकाळी मावशीचं खातं नाहीसं झालं. त्या जागी एक ओळ होती : आपण सामुदायिक मार्गदर्शक तत्त्वांचा भंग केला आहे. मावशीचा मला फोन. "अरे, कसला भंग? मी खेकड्यांचं कालवण केलं!" मग घराण्याची बैठक बसली. मेहुण्याच्या मते खेकडा जिवंत दाखवला हे चुकलं. मामांना सुरीची शंका. भाचा म्हणाला, नांगी मोडतानाचा आवाज फार स्पष्ट आलाय, मशीनला ते हाड वाटलं असणार. दाद मागायला एक बटण होतं, ते दाबलं. उत्तर आलं, की आम्ही आपल्या विनंतीचा काळजीपूर्वक आढावा घेतला असून निर्णय कायम आहे. मावशी म्हणाली, "आढावा घेतला कधी? मी अजून चष्मा पुसतेय!"

तिला ऑफिसचा पत्ता हवा होता. साहेबाला भेटते, डबा घेऊन जाते, असं तिचं म्हणणं. तिच्या आयुष्यात या मार्गाने न सुटलेलं सरकारी काम नाही. तलाठी जागेवर नसला तरी त्याची खुर्ची असते. खुर्चीवर टॉवेल असतो. टॉवेलवरून साहेब तालुक्याला गेलेत की जेवायला, हे कळतं. इथे खुर्चीच नव्हती. भांडायला समोर माणूस नसणं हा चिपळूणच्या बाईवर केवढा अन्याय आहे, हे त्या कंपनीला कोण सांगणार?

"मूळ व्हिडिओ आहेत ना तुझ्याकडे?" मी विचारलं.

"फोन भरतो म्हणून पुसले. वर आहेत की सगळे!"

वर गेलेलं सहसा परत येत नाही, हे एवढ्या मोठ्या घराण्यात कोणालाच सुचलं नव्हतं. आणि ही तीच मावशी, जिने जुलै 2021 च्या पुरानंतर घराची कागदपत्रं माळ्यावर, त्यांच्या झेरॉक्स पुण्याला माझ्याकडे आणि झेरॉक्सच्या झेरॉक्स डोंबिवलीला मामांकडे ठेवल्या. वाशिष्ठी कधी घरात येईल याचा नेम नाही, हे तिला पक्कं ठाऊक. अ‍ॅपवर मात्र निर्धास्त, कारण तिथे पाणी दिसत नाही.

पाणी यायचं ते आधी दुसऱ्यांकडे येऊन गेलंच होतं. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला मिटलं आणि त्याबरोबर कित्येकांनी एकमेकांना लिहिलेली प्रशस्तिपत्रं गेली. (माझ्याविषयी लिहिलेली गेली याचं मला दुःख नाही.) मायस्पेसवर तर बारा वर्षांत लोकांनी चढवलेली गाणी सर्व्हर हलवताना हरवली. एखादी पिशवी एसटीत राहावी इतक्या सहज. हे 2019 मध्ये जगाला कळलं. आणि 29 जून 2020 च्या रात्री केंद्र सरकारने 59 चिनी अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. वावरात, गोठ्यापुढे, बांधावर नाचून-बोलून नाव कमावलेली पोरं सकाळी उठली ती नुसती पोरं होऊन. दोनेक आठवड्यांच्या आत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या, मोज आलं, अजून दहा जणांनी मांडव घातले. नाच तोच, गोठा तोच, म्हैसही तीच. फक्त पाहणारे पुन्हा पहिल्यापासून गोळा करायचे. कारण पाहणाऱ्यांची यादी तुमच्या नावावर दिसत असली तरी ती कंपनीच्या कपाटात असते. बरोबर नेता येत नाही.

अ‍ॅप जागेवर राहिलं तरी नियम जागेवर राहतो असं नाही. यूट्यूबने 2018 च्या सुरुवातीला ठरवलं, की जाहिरातीचे पैसे हवेत तर किमान 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास पाहिलं गेलेलं असायला हवं. लहान चॅनेलवाले आदल्या दिवशी कमावते होते, दुसऱ्या दिवशी उमेदवार झाले.

हे ऐकून मामा सावध झाले. त्यांनी रायगड तीन ठिकाणी ठेवायचं ठरवलं : फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप. मी त्यांना 4 ऑक्टोबर 2021 ची आठवण करून दिली. त्या रात्री ही तिन्ही एकदम गेली आणि सहा तास आली नाहीत. तिघांचा मालक एकच. "म्हणजे तीन दरवाजे, पण वाडा एक," मामा खिन्नपणे म्हणाले आणि पायथ्याकडे बघत बसले.

मावशीने वेगळाच मार्ग काढला. खातं बंद पडल्यावर काही बायकांनी कुठून तरी तिचा नंबर मिळवून थेट फोन केले : कालवणात आमसुलं की चिंच? मावशीने उत्तर दिलं आणि प्रत्येकीचं नाव-नंबर दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून घेतलं. आता त्या वहीतल्या बायकांना ती कुरिअरने मसाला पाठवते. व्हिडिओ करतेच, पण तीन वेगवेगळ्या मालकांकडे ठेवते, आणि मूळ प्रत हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क माळ्यावर, तिची नक्कल डोंबिवलीला. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 पासून एकही अपडेट न घेता चालते आहे, असं मी म्हटल्यावर तिने पाककृती छापायचंही मनावर घेतलं आहे. मुद्रकाला ऑफिस आहे, याचा तिला विशेष आनंद. ती डबा घेऊन जाऊन आलीसुद्धा.

परवा भाच्याचा फोन आला. कंपनीचं पत्र आलंय, खातं चुकून बंद झालं होतं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुन्हा सुरू केलंय. त्याने हर्षाने फोन मावशीला लावला, मलाही जोडून घेतलं. पलीकडे खलबत्त्याचा आवाज येत होता.

"बसा म्हणावं," मावशी म्हणाली, "मसाला कुटून झाला की बघते."