प्लांटवाले परीक्षक

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला उद्घाटक मिळतो, अध्यक्ष तर शोधावाच लागत नाही, ट्रॉफीवर वडिलांचं नाव घालून घेणारे दातेही तयार असतात. मिळत नाही तो परीक्षक. 'नमस्कार सर, माझ्या प्रकल्पाचं नाव आहे'पासून सुरू होणारं पाठांतर दिवसभर उभ्याने ऐकायचं आणि संध्याकाळी शाल, श्रीफळ नि हरलेल्या शाळांचा रोष घेऊन घरी जायचं, याला कोण तयार होणार?

मोहोपाड्यात मात्र ही चणचण नाही. १९६० साली हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स स्थापन झाली, पाताळगंगेच्या काठाने कारखाने उभे राहिले, परिसराला रसायनी नाव पडलं आणि त्या रसायनीची बाजारपेठ झाली मोहोपाडा. त्यामुळे इथे भाजी घेताना ज्याचा धक्का लागतो तो गृहस्थ निवृत्त केमिस्ट निघण्याची शक्यता बरीच. आणि निवृत्त केमिस्टला परीक्षक म्हणून बोलावलं की तो नाही म्हणत नाही. घरात त्याचं कोणी ऐकत नसतं, हे एक कारण. दुसरं पुढे कळेल.

कुठल्या कंपनीत होतात असं विचारलं तर 'प्लांटला होतो' एवढंच उत्तर येतं, मिलिटरीत होतो म्हणावं तसं. सकाळी नऊला बोलावलं तर स्वारी पावणेनऊला गेटवर. शर्ट इन केलेला, बुटात मोजे, खिशात दोन पेनं आणि एक टेस्टर. परीक्षक-स्वागत समिती कायम माझ्याच गळ्यात असल्यामुळे पहिलं वाक्य मला पाठ आहे. ''मॅडम, फायर एक्स्टिंग्विशर कुठाय?'' मी ऑफिसकडे बोट दाखवते. ''रिफिल कधी केला होता?'' यावर मी चहा मागवते.

उद्घाटक फीत कापत असतात तेव्हा हे कॉरिडॉरमधून एक्स्टेन्शन बोर्ड तपासत फिरतात. उघड्या वायरला सेलोटेप लावलेली दिसली की त्या शाळेचे मार्क प्रयोग बघण्याआधीच कमी. वास्तविक गुणांचा तक्ता ठरलेला आहे. कल्पकतेला २०, नावीन्याला १५, वैज्ञानिक विचाराला १५, कारागिरीला १५, उपयुक्ततेला १५, स्वस्त-टिकाऊ-सुटसुटीतपणाला १० आणि सादरीकरणाला १०. सुरक्षिततेचा त्यात वेगळा रकाना नाही, याचं त्यांना मनस्वी दुःख आहे. तो रकाना ते पेनाने आखून घेतात.

बाकीचे दोन परीक्षक यांच्यापुढे गरीब. एक गुरुजी सर्वांना दहापैकी सात देतात, म्हणजे भांडण नको. दुसऱ्या ज्युनिअर कॉलेजच्या मॅडम, त्यांना एकची गाडी पकडायची असते. प्लांटवाले मात्र सहावी ते आठवीच्या गटातल्या एकेका टेबलावर असे रमतात की दुपारी जेवणाच्या पंगतीत त्यांचं पान वाढून झाकून ठेवावं लागतं.

त्यांचा प्रश्न एकच, ''पुढे काय होतं?'' पोरांना वाटतं भाषण पुढे चालू ठेवायला सांगताहेत, म्हणून ती पुन्हा 'नमस्कार सर'वर जातात.

जलशुद्धीकरणाचं मॉडेल दरवर्षी असतंच. कापून उलटी केलेली बाटली, तिच्यात कापूस, वाळू, खडी आणि कोळसा. वरून गढूळ पाणी घातलं की खालून स्वच्छ पडतं, टाळ्या पडतात. यांनी खिशातून मिठाची पुडी काढली. हो, ते मीठ घेऊन येतात. ''बाळा, हे विरघळव आणि ओत.'' मुलीने ओतलं. खाली काचेसारखं पाणी. ती चाखायला गेली तर ते जवळजवळ ओरडलेच, ''लॅबमध्ये काही तोंडात घालायचं नाही!'' मग शेजारच्या टेबलावरून एलईडी, नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन खिळे उसने आणले. खिळे वरच्या पाण्यात बुडवले, दिवा लागला. गाळलेल्या पाण्यात बुडवले, तरी लागला. मुलगी दिव्याकडे बघत राहिली. म्हणाली, ''म्हणजे मीठ आत आहे अजून?'' मग जरा थांबून, ''सर, मग नदीत जे विरघळलेलं असतं ते?'' सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ती माझीच मुलगी असावी. कल्पकतेच्या रकान्यात अठरा पडले. मॉडेल तेच, दरवर्षीचं, मार्क प्रश्नाला.

जलविद्युतवाल्यांची वेगळी गंमत. थर्माकोलचा डोंगर, निळा रंग दिलेली नळी, पंख्याची पाती आणि छोटी मोटर. थर्माकोलवर राज्यात २०१८ साली निर्बंध आले, पण पर्यावरण वाचवायचं मॉडेल थर्माकोलशिवाय उभं राहत नाही असा बहुतेक शाळांचा समज आहे.

''वीज तयार झाल्यावर पाणी जातं कुठं?''

खालापुराकडच्या पोराने क्षणही घेतला नाही. ''सर, पाताळगंगेत. खोपोलीला टाटाचं पाणी सुटतं ते आमच्या गावावरून जातं.'' खोपोलीचं वीजघर १९१५ चं. घाटावरच्या धरणांचं पाणी तिथे खाली उतरतं, वीज देतं आणि पाताळगंगेला मिळतं. ही गोष्ट पोराला पुस्तकातून नव्हे, पोहण्यातून ठाऊक.

''शाबास. आणि इथे टबात पडलेलं पाणी?''

''ते हा मगाने वर नेऊन ओततो.''

''मग या मॉडेलमध्ये वीज कोण तयार करतं?''

पोराने विचार केला. ''सर, हा.''

मगवाला सकाळपासून घामाघूम होता. आपलं नाव प्रथमच निघालेलं पाहून तो हसला.

फुकट वीजवाल्यांची मात्र गय नाही. मोटर पंख्याला फिरवते, पंखा मोटरला, अशी 'अखंड ऊर्जा' दिसली की हे बोलत नाहीत, खाली वाकून टेबलक्लॉथ उचलतात. बॅटरी तिथेच असते.

कुणाला वाटेल माणूस नुसता खोडा घालणारा. तसं नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, ती याच तालुक्यात. त्यानंतर दरडीची सूचना देणारी मॉडेलं येऊ लागली, बहुतेक सेन्सर, मोबाइल नि सोलर पॅनेलवाली. जुलैत सोलर पॅनेल कुठलं ऊन खाणार, हे विचारून यांनी सगळी कापली. एका मुलीच्या उतारावर फक्त खुंट्या, त्यांतून ओवलेली तार आणि टोकाला देवळातली घंटा होती. ''बॅटरी कुठाय?'' ''नाही घातली सर. पावसाळ्यात लाइट नसते.'' ते खाली बसले, तार ओढून बघितली, सरकायला किती माती लागते ते तिला मोजायला लावलं. नंतर सुरक्षिततेच्या स्वतःच्या रकान्यात पैकीच्या पैकी.

वॉटर रॉकेटवाल्यांचं इथे फारसं चालत नाही. ज्या रसायनीत इस्रोच्या रॉकेटांसाठी डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार होत आलं आणि २०१७ मध्ये हिंदुस्थान ऑर्गॅनिकचे इथले बाकीचे प्लांट बंद करायचं ठरलं तरी तो एक प्लांट इस्रोकडे सोपवायचा निर्णय झाला, तिथल्या माणसाला सायकलच्या पंपाने उडणाऱ्या बाटलीचं काय कौतुक? ते फक्त विचारतात, ''पडते कुठं?'' पडते मुख्याध्यापकांच्या गाडीवर.

यंदा निकालाच्या वेळी गुरुजींचे सात-सात आणि मॅडमची गाडी जमेला धरूनही हे एका टेबलावर अडले होते. ज्वालामुखी. मातीचा डोंगर, आत खायचा सोडा, वरून लाल रंगाचं व्हिनेगर, फसफस. सहावीतल्या त्या पोराने 'तप्त लाव्हा बाहेर पडत आहे' म्हटलं आणि सरांनी त्या लाव्ह्यात बोट घातलं.

''अरे, हा गार आहे.''

पोराने बोट घातलं. गारच. खरोखरीच सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की मिश्रण थंड होतं. शिक्षकांनी घाईने सांगितलं, ''सर, ते पोर्शनमध्ये नाही.'' सर 'हं' म्हणून पुढे गेले. मी निकालपत्रावर सही घ्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, ''थांबा मॅडम, एक टेबल परत बघायचंय.''

वर्गात पोरगा एकटाच बसलेला. त्याने प्रथमोपचार पेटीतला तापाचा डिजिटल थर्मामीटर मिळवला होता आणि डोंगराच्या तोंडात खुपसून धरला होता.

''किती आलं?''

''आकडा येत नाही सर. नुसतं 'लो' येतंय.''

''मग निष्कर्ष काय?''

''ज्वालामुखीला ताप नाही.''

सरांनी पेन काढलं. ''निष्कर्ष बरोबर आहे,'' म्हणाले, ''पण मोजमाप चुकलं. हे माणसाचं यंत्र आहे, एवढं खाली वाचत नाही. मॅडम, लॅबचा थर्मामीटर आणा. आणि तो एक्स्टिंग्विशर पण घेऊन या, येताच आहात तर बघून टाकू.''