पापणी वर, भुवई खाली

मी झोपलेलो नाही, हे लोकांना पटवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. बँकेत होतो तेव्हा आढावा बैठक ऐन रंगात आली की साहेब एकदम माझ्याकडे वळून विचारायचे, "काय म्हणालो मी आत्ता?" सोसायटीच्या वार्षिक सभेत माझा हात वर नसला तरी माझी संमती गृहीत धरली जायची. सवाई गंधर्वच्या मंडपात एकदा कॅमेरा श्रोत्यांवरून फिरत फिरत नेमका माझ्यावर येऊन थांबला. मी विलंबितात पार बुडालेलो होतो. मोठ्या पडद्यावर मात्र लोणावळ्यानंतरचा शिवनेरीतला प्रवासी दिसत होता. शेजारून बायको म्हणाली, "अहो, मान तरी हलवा. लोक बघतायत."

दोष पापण्यांचा, असं माझं ठाम मत होतं. वय झालं की वरच्या पापणीची कातडी सैल पडते, आतला पातळ पडदा ढिला होतो, त्यामागची चरबी पुढे डोकावते आणि सगळा ऐवज पापणीच्या केसांवर येऊन टेकतो. डॉक्टर याला डर्मॅटोकॅलेसिस म्हणतात. पापणी उचलणारा स्नायूच दमला असेल तर तो टोसिस, आणि त्याची शस्त्रक्रिया वेगळी. हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच की नुसती जादा कातडी काढायच्या शस्त्रक्रियेला ब्लेफरोप्लास्टी म्हणतात आणि ती करून त्याच दिवशी घरी जाता येतं. त्याच दिवशी घरी येणाऱ्या कुठल्याही गोष्टीला मी घाबरत नाही.

आमचे शेजारी जोशीकाका याला नवं काही मानायलाच तयार नव्हते. "सुश्रुताने करून ठेवलंय हे सगळं!" त्यांचं साफ चुकीचं होतं असंही नाही. पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचू लागले तर पापणीवरून जवाच्या आकाराची कातडी काढावी आणि जखम केसाने शिवावी, असं सुश्रुतसंहितेत सांगितलेलं आहे. पण ते दुखण्यावरचं होतं. सभेत जागं दिसण्यासाठी सुश्रुताकडे कोणी गेल्याची नोंद नाही.

डोळ्यांच्या आसपासच्या डागडुजीचे वेगळे डॉक्टर असतात, ऑक्युलोप्लास्टिक सर्जन. आमच्या डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझ्या डोळ्यासमोर चक्क पट्टी धरली. बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत साधारण ४ मिलिमीटर अंतर असावं लागतं. माझी कड जागेवर होती, फक्त तिच्यावर कातडीचा पडदा आला होता. मग त्या म्हणाल्या, "काका, कपाळ सैल सोडा." मी म्हटलं, सैलच आहे. त्यांनी भुवईवर बोट ठेवून हलकेच खाली दाबलं आणि समोरच्या तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळी दिसेनाशा झाल्या. कित्येक वर्षं मी पापण्या कपाळाने उचलून धरत होतो. संध्याकाळी कपाळ का ठणकतं, याचं उत्तर मिळालं. तोवर मी त्याचं खापर बातम्यांवर फोडत होतो.

आता प्रश्न पैशांचा. आरोग्य विम्याच्या नियमात सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया बसत नाही. अपघात, भाजणं, कर्करोग यानंतरची दुरुस्ती किंवा आरोग्याला थेट धोका असेल तरच गोष्ट वेगळी. पापणीमुळे खरंच दिसत नाही असं कागदावर आलं तर निदान भांडता तरी येईल, म्हणून दृष्टिक्षेत्राची तपासणी करायचं ठरलं. जन्मात पहिल्यांदाच मी नापास होण्याच्या इराद्याने परीक्षेला बसलो.

या तपासणीत हनुवटी टेकवून एका पांढऱ्या अर्धगोलात बघायचं. मधल्या दिव्यावरून नजर हलवायची नाही आणि कडेला बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. एकदा पापण्या आहेत तशा, एकदा चिकटपट्टीने वर ताणून. खोलीत अंधार, एसी, जेवणानंतरची वेळ. कागद छापून आला तेव्हा त्यावर चार पाकळ्यांचं सुबक फूल होतं. यंत्र सुरुवातीला चार भागांतले चार ठिपके तपासतं, तेवढे मी नेटाने टिपले होते. पुढे सगळीकडे काळोख. तपासणारी मुलगी कागद बघून म्हणाली, "काका, झोप लागली होती का?" म्हणजे झोपेचं चित्र काढणारं यंत्रही निघालं होतं आणि त्यालाही माझा संशय आला होता. शिवाय पापण्या त्या वेळी चिकटपट्टीने वर ताणलेल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यावर ढकलायचीही सोय नव्हती. पुन्हा तपासणी झाली, ती जागेपणी, आणि तिच्यात पापण्यांमुळे फारसं काही अडत नसल्याचं निघालं. खर्च माझ्या खिशातून.

"रक्त पातळ करणारं काही घेता का?" असं डॉक्टरबाईंनी दोनदोनदा विचारलं होतं. मी नाही म्हणालो. व्हॉट्सॲपवर वाचून रोज सकाळी लसणाच्या कच्च्या पाकळ्या गिळत होतो, पण लसूण स्वयंपाकघरातला; त्याला औषध कोण म्हणणार? माझ्या गालांनी म्हटलं. ते पुढे येईलच.

शस्त्रक्रियेआधी पापणीवर रेघा आखतात त्या पेशंटला बसवून, कारण आडवं झालं की कातडीही पसरते. चिमट्याने जादा भाग पकडून डोळा मिटतो ना, हे पाहतात. सगळ्यात वाईट भाग इंजेक्शनचा. बधिर करायला लिग्नोकेन आणि रक्त कमी यावं म्हणून अ‍ॅड्रेनलिन, दोन्ही चरचरत आत जातात. नंतर दुखत नाही, पण ऐकू सगळं येतं. शिवाय रक्तवाहिन्या डागताना जळका वास येतो आणि हा आपलाच आहे हे लक्षात यायला थोडा वेळ लागतो. मधूनच "काका, उघडा. मिटा," चालू होतं. तासाभरात काम आटोपलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "शांत पेशंट आहात हं." मी डुलकी काढल्याचं त्यांच्या लक्षात आलं नसावं, अशी आशा आहे.

घरी पहिले दोन दिवस बर्फाचा शेक, झोपताना डोकं उंच, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. हा शेवटचा नियम मी आजही पाळतो. बर्फाऐवजी मटाराची पिशवी बरी पडते, डोळ्यावर नीट बसते. बायकोने नंतर त्याच मटाराची उसळ केली आणि दोघांनीही त्या विषयावर बोलायचं टाळलं. लसणाच्या कृपेने जांभळा रंग पापणीवरून गालांपर्यंत ओघळला. मलम घातल्याने सगळं धुरकट दिसायचं. पापण्यांची कड बधिर. सुरुवातीला डोळा पूर्ण मिटतही नाही. रात्री बायकोने दिवा लावला तर माझ्या पापण्यांच्या फटीतून बुबुळाखालचा पांढरा भाग दिसतोय आणि खाली घोरणं चालू. "अहो, जागे आहात का?" या प्रश्नाला आमच्या संसारात प्रथमच काही अर्थ आला.

पाच ते सात दिवसांत टाके निघतात, दोनेक आठवड्यांत काळंनिळं ओसरतं, व्रण घडीत लपतो आणि फिका व्हायला काही महिने घेतो. तसंच झालं. गडबड झाली ती वेगळीच. कपाळाची नोकरी संपली, भुवया सुटल्यासारख्या खाली आल्या. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं की असं होतं. पण त्या उंचावलेल्या भुवयांमुळेच आजवर लोकांना वाटायचं, मी त्यांचं बोलणं नवलाने ऐकतोय. आता जोशीकाका सुश्रुतावर आले की मध्येच थांबतात आणि म्हणतात, "कंटाळलात वाटतं." आणि पुढच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी ताळेबंद वाचत असताना मला गाढ झोप लागली. पापण्या या वेळी पूर्ण निर्दोष होत्या.

पापणीमुळे वरचा सिग्नल दिसत नसेल, कपाळ रोज दुखत असेल, तर डॉक्टरांकडे जरूर जा. गोळ्यांबरोबर लसूण, माशाचं तेल, काढे सगळं सांगा. हृदयविकाराची गोळी मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका. शस्त्रक्रियेनंतर एकाएकी जोरात दुखलं, डोळा फुगला किंवा दिसणं कमी झालं तर रात्री दोनलाही डॉक्टरांना उठवा. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर दृष्टीच जाऊ शकते. आणि सभेत झोपच येत असेल, तर एवढा खर्च करू नका. खांबामागची खुर्ची पकडा.