धन्यवाद, पण...

अहो, ऐकलंत का? जालन्यात माणसं आता विचारून विचारून बोलणी खायला लागलीत! तीही फी भरून! 'मोकळेपणानं सांगा, माझं काय चुकतं?' असं म्हणत शिबिराच्या भरल्या हॉलात एक जण खुर्चीवर बसतो आणि समोरचे बारा जण वह्या काढतात. याला म्हणे फीडबॅक. गांधी चमनात बसून हेच काम आपण एका चहात उरकत होतो, तेव्हा त्याला चहाटळपणा म्हणायचे!

बरं, हे सगळं कशासाठी? तर मनातली शंका जावी म्हणून. 'आपल्याला काही येत नाही, एक दिवस पितळ उघडं पडणार' ही धास्ती. पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोघी अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली तिला रीतसर नाव दिलं आणि त्यांनी तपासलेल्या बायका कशा, तर दीडशेहून जास्त, एकीपेक्षा एक हुशार! आपल्याकडे मात्र शंका हा शिष्टाचार असतो. लग्नघरी गाणं म्हणायला सांगा, 'मला कुठं येतंय, त्यात घसाही बसलाय' हे आधी येणार. मग सहा गाणी. सातव्याला यजमानच माइक काढून घेतात. आता ही शंका खरी की लाडकी, हे शिबिरवाल्यांनी ओळखायचं कसं?

आणि ती सँडविचची पद्धत! खाली कौतुक, मधे दोष, वर पुन्हा कौतुक. नवी सून शिबिरातून आली आणि म्हणाली, 'आत्याबाई, तुमचा आवाज किती खणखणीत! जरा कमी वेळा ऐकू आला तर बरं. आणि हे लुगडं काय शोभतंय तुम्हाला!' आत्याबाईंनी लुगडं तेवढं ऐकलं. वरचा-खालचा पाव खाऊन मधली चटणी ताटात ठेवायची, ही कला कुणी शिकवावी लागते का?

खरं म्हणजे या जिल्ह्याला असली लाडीगोडी शोभतच नाही. इथली सळई वाकवून बघतात. तडा गेला की नापास, विषय संपला. मोसंबीच्या लिलावात कुणी फळाला 'तुझ्यात क्षमता आहे' असं म्हणतं का? सरळ भाव फुटतो. आणि समर्थ रामदास कुठले? घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे, जन्म 1608. दासबोधाचा दुसरा दशक उघडा. पहिलाच समास मूर्खलक्षणांचा! कौतुकाचा पाव नाही, एकामागून एक मूर्ख रांगेत उभे. वाचताना आपल्याला शेजारी, साडू, साहेब असे सगळे दिसतात. उत्तम लक्षणं येतात ती पुढच्या समासात, तोवर वाचणारा घामाघूम. आणि दहाव्या समासात पढतमूर्ख, म्हणजे शिकूनसवरून मूर्खच राहिलेले! (शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावणाऱ्यांनी तो आधी वाचावा.) स्वतः समर्थांना म्हणे बोहल्यावर एकच शब्द ऐकू आला, 'सावधान', आणि ते मांडवातून पसार. फीडबॅक घ्यावा तर असा! नाहीतर आपण. मंगलाष्टकांत तो शब्द इतक्यांदा ऐकला, हललो का?

पण थांबा, यातही मेख आहे. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डीनिसी या दोघांनी 1996 साली जुन्या प्रयोगांचा ढीग उपसला. फीडबॅकनं सरासरी काम सुधारतं खरं, पण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळा उलट घसरतं! का? तर बोट कामावरून उठतं आणि माणसावर जातं म्हणून. 'हिशेबात तिसरी ओळ चुकली' म्हटलं की माणूस खोडरबर शोधतो. 'तू निष्काळजीच' म्हटलं की तो वकील शोधतो. आपण काय म्हणत आलो, ते विचारू नका.

देणं एक वेळ जमतं हो, कसोटी घेण्यात आहे. शिबिरातला नियम सोपा: ऐकायचं, 'धन्यवाद' म्हणायचं, गप्प बसायचं. एवढंच! मोंढ्यात घासाघीस करून वाढलेल्या माणसाला हे जमावं कसं? 'धन्यवाद' इथवर सगळे येतात, पुढं जीभ घसरतेच. 'धन्यवाद, पण त्या दिवशी लाइट गेली होती.' 'धन्यवाद, पण तुम्ही तरी कुठं वेळेवर आलात?' एका गृहस्थानं म्हणे पाऊण तास 'पण' चालवला आणि शेवटी स्वतःलाच ऐकण्याच्या कलेत पैकीच्या पैकी दिले.

आता तुम्ही विचाराल, तुम्हाला इतकं बारीकसारीक कसं ठाऊक? तर गेलो होतो. नुसतं बघायला! पहिल्या रांगेत जागा रिकामी होती म्हणून बसलो आणि सगळे भरत होते म्हणून फॉर्मही भरला. 'टीका शांतपणे ऐकतो' यापुढं पाचपैकी चार लिहिले, एक विनयापोटी सोडला. शेजारच्या काकूंनी चष्मा सावरून कागदात डोकावलं आणि म्हणाल्या, 'चार? घरी विचारलंत का?'

मी म्हटलं, 'धन्यवाद, पण...'