अर्ध्या सुताचा हिशेब

सायकलची चेन लांबते. तिला कोणी ताणत नाही. पट्ट्या आहेत तेवढ्याच राहतात, पण शंभरावर सांध्यांतली एकेक पिन केसभर झिजते आणि त्या सगळ्या झिजेची बेरीज लांबीत दिसते. हे ज्ञान मला सायकलच्या दुकानातल्या पोराने दिलं, 'काका' म्हणून आणि बिलासोबत.

त्याआधी माझी समजूत अशी की, चेन टिकवायला तेल पुरतं, बाकी काही लागत नाही. म्हणून पावसाळाभर पुण्याच्या वेताळ टेकडीचा चिखल अंगावर घेऊन येणाऱ्या माझ्या माउंटन बाइकला मी घरात सापडेल ते तेल, आधी न पुसता, भक्तिभावाने घालत असे: शिलाई मशीनचं होतं तोवर ते, ते लपवून ठेवण्यात आल्यावर देवघरातलं, आणि शेवटी खोबरेल, जे डिसेंबरच्या पहाटे चेनवर असं थिजलं की निघण्यापूर्वी सायकल उन्हात ठेवावी लागली. मुरमाच्या बारीक कणांत तेल मिसळलं की पिना घासायला झकास लेप तयार होतो. तो मी स्वखर्चाने लावत होतो.

मग पोराच्या सांगण्यावरून चेन बदलली. फक्त चेन, कारण कॅसेटची, म्हणजे मागच्या दातेरी चाकांच्या संचाची, किंमत ऐकल्याबरोबर मला जुनी कॅसेट फार चांगली दिसायला लागली. पोरगा काही बोलला नाही, नुसता हसला. दुसऱ्या दिवशी टेकडीच्या पहिल्याच चढावर उभा राहून पेडलवर सगळं वजन टाकलं आणि खट्ट! चेन दात सोडून पुढे, पाय रिकामा खाली, छाती हँडलवर, आणि शेजारून जाणाऱ्या हास्यक्लबातल्या आजी म्हणाल्या, "जपून हो, आता वय झालं."

जुन्या चेनने आपल्या लांबलेल्या मापाने दाते कोरून ठेवले होते. नवी नेमक्या अर्ध्या इंची सांध्यांची, ती तिथे बसेना. पोराने कॅसेट काढून हातात दिली. मोठी चाकं नव्यासारखी, कारण खरा चढ मी सायकल ढकलत चढतो. मधल्या चाकांचे दाते मात्र मांजराच्या नखांसारखे एका बाजूला वळलेले.

"काका, चेन कधी मोजली नाहीत?"

मोजली नाही? दर महिन्याला मोजायचो! बारा इंचांवर पिनेचा मध्य बरोबर यायला हवा, अर्धं सूत पुढे गेला की चेन बदलायची, पुरतं एक सूत गेला की कॅसेटवरही पाणी सोडायचं, हे मला तोंडपाठ होतं. आणि माझी दरवेळी बरोब्बर बारा इंच भरायची. पेडल हलक्या पायाने मारण्याचं श्रेय मी चारचौघांत घेतलंही होतं. पुरावा म्हणून मी मोजायची टेपच दुकानात नेली. बायकोची शिवणाची, कापडी, रुखवतात आलेली.

पोराने तिच्याशेजारी स्टीलची पट्टी ठेवली. टेप चेनच्या बरोबरीने लांबली होती.

घरी हे सांगितलं तेव्हा बायकोने आधी टेपकडे आणि मग माझ्या पोटाकडे पाहिलं. "म्हणजे अहो, तुमची कंबर इतकी वर्षं चौतीसच येतेय, ती..."

मी आता स्टीलची पट्टी आणली आहे. ती वाकत नाही, त्यामुळे कंबरेला लावता येत नाही.